पावण्याचा आवाज

माझ्या नातवाला झोपायचं असलं की तो मोबाईलवर पंखा लावतो. खरा पंखा त्याच्या डोक्यावर असतोच, पुण्यातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये एसीसुद्धा आहे, पण ही दोन्ही यंत्रं इतकी भारीतली की त्यांना आवाजच नाही. म्हणून हा पठ्ठ्या फोन उशाशी ठेवतो आणि त्यातून पंख्याचा नुसता आवाज सकाळपर्यंत चालू. मागच्या दिवाळीत मी गेले होते तेव्हा त्यानं मला सगळी यादी दाखवली. धबधबा, समुद्र, पाऊस, विमानाच्या आतली घरघर आणि शेवटी ‘जुना टेबल फॅन’. मी म्हटलं, तो लाव. दोन मिनिटं ऐकला आणि सांगितलं, याच्या दांड्याचा बुश झिजलाय. नातू हसून हसून लोळला. मी काही विनोद केला नव्हता. जन्मभर पंखे खोललेल्या बाईनं दुसरं काय सांगायचं?

शिवाजी पेठेत आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, आबा, आई आणि मी. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार उपसून काढायची, नवी गुंडाळायची, तिला व्हार्निश पाजून वाळवायचं, हे आबांचं काम. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक जाड पडदा होता, पण व्हार्निशचा वास काही पडदा मानत नसे. आमच्या भाकरीला, खर्ड्याला, दह्याला, सगळ्याला तो वास. लग्न होऊन मी जेव्हा पहिल्यांदा दुसऱ्या घरी जेवले तेव्हा मला वाटलं, यांच्या आमटीत काहीतरी घालायचं राहिलंय. आई माठातली नाचणीची आंबील वाटीत ओतून पडद्यातून हात बाहेर काढायची आणि आबा मान वर न करता ती घ्यायचे. दिवसभरात दोघांचं बोलणं असं पडद्याच्या कडेनंच व्हायचं.

आबांचा कान फार तिखट होता. गिऱ्हाईक पंखा घेऊन आलं की ते आधी खोलायचे नाहीत. बटण दाबायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, बुश गेलाय, पातं वाकलंय, नाहीतर काही झालेलं नाही, नुसती धूळ हाय, घरी जाऊन पुसा. पंखा दुरुस्त होऊन निघाला की मेजावर वाटीभर पाणी ठेवून शेजारी तो पंखा फिरवायचे आणि पाण्यावर तरंग उठला नाही तरच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. आवाज घालवणं हा त्यांचा धंदाही होता आणि धर्मही. माझ्या हातात तार गुंडाळायची चरखी त्यांनी मी पाचवीत असताना दिली. पोरीच्या जातीला हे कशाला, असं पेठेत बरेच जण म्हणाले. आबा म्हणायचे, वेटोळं मोजायला मिशा लागत न्हाईत.

दुकानाची एक रीत होती. दुरुस्तीला टाकलेली वस्तू मालक न्यायला आला नाही तर ती विकायची नाही, मोडायची नाही आणि मालकानं जे काम सांगितलंय त्यापलीकडं तिला हात लावायचा नाही. अशा पाहुण्या वस्तूला आबा ‘पावणं’ म्हणायचे. वरच्या फळीवर अशी चार-पाच पावणं कायम बसलेली असत, एक मिक्सर, दोन इस्त्र्या, पाण्याची एक मोटर. बाकीची फळीवर धूळ खात, पण एक पावणं मात्र आमच्या झोपायच्या खोलीत होतं. लोखंडी जाळीचा, हिरव्या रंगाचा, मान फिरवणारा टेबल फॅन. नेसरीच्या बाजूचे एक प्राथमिक शाळेतले गुरुजी तो देऊन गेले होते. आवाज फार करतो, मंडळी कुरकुर करतात, बघून ठेवा, सवडीनं सांगतो, असं म्हणाले आणि त्यांची कुठं तरी लांब बदली झाली ती झालीच. काम काय करायचं ते सांगायचं राहिलं, म्हणून आबांनी त्याच्या एका स्क्रूलाही हात लावला नाही. तो सतत घुर्र करायचा आणि मान डावीकडं टोकाला गेली की टक् वाजायचा. घुर्र, घुर्र, टक्. आवाजाचे एवढे वैरी असलेले आबा, आणि त्यांच्याच उशाशी हा प्रकार.

याला कारण आई. आईचं माहेर राधानगरीच्या वरच्या अंगाला. तिथं पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस चार-चार दिवस थांबत नाही आणि पाऊस नसला तर घरामागचा ओढा असतो. त्या एकसारख्या आवाजात वाढलेली बाई पेठेत येऊन पडली. पेठ कशी, तर सकाळी तालमीतले शड्डू, दुपारी भाजीवाले, संध्याकाळी फुटबॉलवरनं भांडणं, आणि कुणाला काही सांगायचं असलं तर उठून जाण्यापेक्षा जागेवरनं ओरडणं सोपं. आईचे डोळे मिटायचे पण कान मिटायचे नाहीत. मी दोन वर्षांची असताना ती झोपेवाचून इतकी वाळली की मामा येऊन तिला घेऊन गेला आणि सगळा पावसाळा ती तिकडं राहिली. मला आबांनी आणि शेजारच्या काकूंनी सांभाळलं. मला त्यातलं काही आठवत नाही, पण ‘आई गेलती तेव्हा’ हे शब्द घरात कुणी उच्चारले की मी जाऊन आईचा पदर धरायची, ते मात्र मला आजही आठवतं. ती परत आल्यावर आबांनी खूप गोष्टी करून पाहिल्या आणि शेवटी एका दुपारी सहज म्हणून ते पावणं फळीवरून उतरवून तिच्या शेजारी लावलं. आई तिन्हीसांजेपर्यंत झोपली. त्यानंतर दहा-बारा वर्षं ते पावणं आमच्यात राहिलं. वीज गेली की आई उठून बसायची आणि वीज आली की आडवी व्हायची, एवढंच.

मी आठवीत होते. एक दिवस दुपारी उंच, किडकिडीत, पांढरं धोतर नेसलेला एक म्हातारा दुकानात आला आणि आबांना म्हणाला, मिस्त्री, वळखलं का? आबांनी ओळखलं. गुरुजी निवृत्त होऊन गावी परतले होते. त्यांच्या मंडळी, म्हणजे बायको, जाऊन वर्ष झालं होतं. बराच वेळ ते इकडचं तिकडचं बोलले, ऊस, गुडघे, मुलगा बेळगावात असतो ते. मग चहाचा कप खाली ठेवून त्यांनी पंख्याचं विचारलं. आबांनी लगेच सांगितलं, आहे, जसाच्या तसा आहे, दोन दिवस द्या, आवाज पार घालवून देतो. गुरुजींनी हात वर केला.

“आवाज काढू नका मिस्त्री. आवाजच न्यायला आलोय. ती रोज म्हणायची, बंद करा ते, बंद करा ते. आता घर इतकं गप्प हाय की झोपच लागंना.”

मी पडद्याच्या आत होते आणि आईही. मी तिचा हात धरला आणि देऊ नको अशा अर्थी मान हलवली. आबा पडदा सरकवून आत आले आणि तिच्याकडं बघत उभे राहिले. ते तिला विचारत होते, हे मला आज कळतं. तेव्हा मला त्यांचा रागच आला होता, की हे खोटं का बोलत नाहीत, मोडला म्हणून का सांगत नाहीत. आईनं पदरानं पंख्याची जाळी पुसली, वायरची गुंडाळी केली आणि तो आबांच्या हातात दिला.

“त्यांचं हाय ते त्यांना द्या,” ती म्हणाली. “माझं काय, झोप येईल की. पावणं किती दिवस ठिवून घ्यायचं?”

झोप काही आली नाही. पहिला आठवडा आईनं हसण्यावारी नेला. दुसऱ्या आठवड्यात तिच्या हातून तवा निसटला, आमटीत मीठ दोनदा पडलं, आणि एकदा मी शाळेतून आले तर ती चुलीपुढं बसून नुसतीच पिठाकडं बघत होती. दुकानात दुसरे पंखे होते की, असं कुणी म्हणेल. होते, पण ते सगळे आबांनी दुरुस्त केलेले होते. एकेक पंखा तिच्या उशाशी लावून पाहिला, वारा येई, आवाज नाही. आबांना मी म्हटलं, एखाद्यात आवाज घाला. त्यांनी पक्कड हातात घेतली, एक पंखा समोर घेतला, आणि बसून राहिले. त्यांचा हात चालेचना. एक स्क्रू ढिला केला आणि न कळत पुन्हा आवळला. शेवटी पक्कड माझ्या पुढ्यात सरकवून म्हणाले, “मालू, मी आवाज घालवणारा माणूस हाय. घालणारा न्हवं.”

तिसऱ्या आठवड्यात मामा आला. येताना तांदूळ आणि लोणी घेऊन आला आणि बहिणीचा चेहरा बघून पिशवी खाली ठेवायचंही विसरला. तो फार बोलणारा नव्हता. जेवता जेवता एवढंच म्हणाला की येत्या रविवारी येतो आणि हिला घेऊन जातो, चार महिने राहू दे, पोरीला पण आता समज हाय. आबांनी मान खाली घालून भाकरी मोडली. आईही नको म्हणाली नाही. मला ते ‘समज हाय’ फार लागलं. मला काडीचीही समज नव्हती, मला आई हवी होती.

मग मी कामाला लागले. दुकानात मोडीत काढलेला एक टेबल फॅन होता, आमचा स्वतःचा, पावणं नव्हे. शाळेतून आले की दप्तर टाकून त्याच्यापुढं बसायची. पावण्याचा आवाज मला पाठ होता. घुर्र आणायला फार त्रास पडला नाही, एक झिजका बुश सापडला. पण तो टक् काही केल्या जमेना. मान फिरवणाऱ्या चाकाचा एक दात कानशीनं घासला तर दोन्ही टोकांना टक् वाजू लागला. ते चाक फेकलं, दुसरं घासलं, तर वाजेचना. आबा लांबून बघत असायचे. मधूनच त्यांचा जीव राहायचा नाही, कारण चांगल्या चाकाला कानस लागलेली त्यांना सोसत नव्हती, मग ते उठून बाहेर फेरी मारून यायचे. चौथ्या दिवशी, बुधवारी, ते जमलं. घुर्र, घुर्र, आणि डाव्या टोकाला एकच टक्, हुबेहूब. मी इतकी खूश झाले की नाचत पंखा आत नेला.

आई त्या रात्री झोपली. गुरुवारी सकाळी म्हणाली, छान लागली गं. गुरुवारीही झोपली, घोरलीसुद्धा. डोळ्यांखालचं काळं गेलं नव्हतं, पण मला वाटलं, जाईल हळूहळू. शुक्रवारी शाळा लवकर सुटली. आई जेवून पंखा लावून पडली होती आणि अगदी संथ घोरत होती. मी शेजारी बसून चिंचोके सोलत होते. तेवढ्यात गल्लीत भाजीवाली आली आणि तिनं मेथीच्या पेंडीचा भाव ओरडून सांगितला. आईचं घोरणं थांबलं. भाव नीट ऐकून घेतला, आणि पुन्हा सुरू झालं.

मी चिंचोके खाली ठेवले. म्हटलं, “आई, तू जागी हायस.” तिनं डोळे उघडले आणि आधी हसली. मला हसता आलं नाही. मी रडायला लागले, मोठ्यानं, पेठेच्या रीतीप्रमाणं. किती दिवस, विचारलं. ती म्हणाली, पहिल्या दिवसापासनं. मग का सांगितलं नाहीस? तर म्हणाली, तू एवढं केलंस, बोटं बघ तुझी कशी झालीत, मी कसं सांगू. तिनं माझी घासलेली बोटं हातात घेतली आणि बराच वेळ चोळत बसली. माझ्यासाठी डोळे मिटून पडून राहणारी, खोटं घोरणारी ती बाई आता आठवली की मला अजूनही भरून येतं. आपली पोर हिरमुसू नये म्हणून जागरण करणाऱ्या आया पुष्कळ असतील, पण त्यासाठी घोरण्याची तालीम करणारी मला दुसरी माहीत नाही.

मी विचारलं, पण आवाज तर तोच आहे ना? हुबेहूब? मग पडद्याकडं बघून, आबा दुकानात नाहीत याची खात्री करून, तिनं मला जे सांगितलं ते ती इतकी वर्षं कुणालाच बोलली नव्हती.

“तो टक् मला कधीच आवडला न्हाय गं. पावसात टक् नसतो. घुर्र चालू असलं की कान म्हणायचा, आता कुणी हाक मारली तरी ऐकू यायची न्हाय, सोड राखण. आन डोळा लागला की तो टक् उठवायचा. तशीच तुकड्या-तुकड्यानं झोपत आलो. आता तर कान त्या टक्‌चीच वाट बघत बसतो, तेवढा बी डोळा लागत न्हाय. तुझं आबा म्हणायचे, दुसऱ्याची वस्तू हाय, हात लावायचा न्हाय. मग काय बोलू?”

म्हणजे चार दिवस कानस घासून, बोटं सोलून मी नेमकी तीच गोष्ट घरात आणून ठेवली होती. आमच्या धंद्यातल्या माणसाच्याच हातून व्हावी अशी चूक. जुनी वस्तू होती तशी जुळवायची एवढंच आम्हाला ठाऊक, तिचा उपयोग कुणाला कशासाठी होता हे विचारायचं डोक्यात येत नाही. पुढं मी तीस वर्षं ते दुकान चालवलं. पंखा आणून ठेवणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारायची, याच्यातलं काय तुम्हाला हवंय? लोक चमकायचे. हल्ली बिनआवाजाचे पंखे घेऊन कितीतरी जण आता दुकान बघणाऱ्या माझ्या भाच्याकडं, मामेभावाच्या मुलाकडं, येतात आणि हळूच विचारतात, थोडा आवाज येईल असं काही करता येईल काय, बाळ झोपत न्हाय. भाचा त्यांना माझ्याकडं पाठवतो.

संध्याकाळी मी आबांना सगळं सांगितलं. बारा वर्षं जिच्या झोपेसाठी आवाज सहन केला तिला त्याच आवाजानं उठवलं, हे त्यांच्या गळी उतरायला वेळ लागला. मग उठले, माझा पंखा मेजावर घेतला आणि म्हणाले, टक् मी घालवतो, घुर्र तू वाढव. शनिवारी दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावून आम्ही दोघं सकाळपासून बसलो. आबांनी मान फिरवायचं चाकच काढून टाकलं आणि मान पक्की केली. मी एका मोठ्या पंख्याची रुंद पाती आणून, घासूनपुसून बसवली, कारण रुंद पातं जास्त वारं कापतं आणि त्याचा आवाज भरून येतो. त्या पात्यांनी मोटर तापू लागली. आबांनी मोटर खोलली, जाड तार घेतली आणि चरखीवर वेटोळी घालू लागले. मी मोजत होते. एकदा मोजणं चुकलं तर त्यांनी सगळं उलगडून पहिल्यापासून घातलं. रविवार उद्यावर होता आणि तरीही त्यांनी घाई केली नाही. जेवायच्या वेळेला पंखा सुरू झाला. ना घुर्र, ना टक्, तर भर्रर्र असा एक अखंड, जाड आवाज. आबा डोळे मिटून ऐकत राहिले. सवयीनं त्यांचा हात पाण्याच्या वाटीकडं गेला आणि त्यांनी तो मागं घेतला.

पंख्याचं तोंड मी भिंतीकडं केलं. आईला वारा नको होता. जेवण आवरून ती आडवी झाली. मी आणि आबा पडद्याच्या बाहेर बसलो, दोघंही काम करत असल्यासारखे. भाजीवाली आली, मेथी, कांदा, वांगी सगळं ओरडून गेली. पोरांचा फुटबॉल आमच्या फळीवर आपटला. मी पडदा सरकवून पाहिलं. आई कुशीवर वळली होती, तोंड थोडं उघडं, आणि घोरत नव्हती. चार वाजता गल्लीतल्या नळाला पाणी आलं आणि नेहमीप्रमाणं आठ-दहा बायका एकदम ओरडल्या. त्या हाकेला आई कितीही दमलेली असो, पहिल्या घागरीनिशी हजर असायची, कारण तासाभरात पाणी जायचं. मी तिला उठवायला म्हणून उभी राहिले, तर आबांनी माझा हात धरून खाली बसवलं. स्वतः आत जाऊन दोन घागरी घेतल्या आणि बाहेर पडले.

शिवाजी पेठेत चाळिशीचा मिस्त्री घागर घेऊन बायकांच्या रांगेत उभा, हे दृश्य गल्लीला फुकट सोडायचं नव्हतं. कुणी म्हणालं, मिस्त्री, कमरंवर घ्या की. कुणी विचारलं, पदर आणू काय. मग शेजारच्या काकूंनी, ज्यांना सगळं ठाऊक होतं, जरा काळजीनं विचारलं, “वैनी माहेराला गेल्या काय?”

“न्हाय,” आबा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “घरात हाय. झोपलीया.”

काकूंनी आपली घागर नळाखालनं काढली आणि आबांची ठेवली. आबांनी पाच खेपा केल्या. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं, अर्धं पाणी उंबऱ्यात सांडलं, पण हंडे, कळशी, पिंप, सगळं काठोकाठ भरलं.

आई साडेपाचला जागी झाली. गालावर चटईची नक्षी उमटली होती. तिनं भरलेली भांडी पाहिली, आबांचं ओलं धोतर पाहिलं, आणि घाबरून उठून बसली. पाणी आलतं? आलतं, आबा म्हणाले, आन गेलं बी. मला कुणी उठवलं न्हाय? न्हाय. ती त्या भांड्यांकडं बघत राहिली. तिनं हाक ऐकलीच नव्हती. मला वाटलं, आता ही हसेल किंवा रडेल, आणि माझा जीव तर केव्हाच रडकुंडीला आला होता. आबांनी घसा साफ केला आणि विचारलं, “उद्या तुझा दादा येतोय. त्याला काय सांगू?”

आई पुन्हा आडवी झाली. पदर अंगावर ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं.

“सांगा, झोपलोय म्हणून,” ती म्हणाली.

दिवेलागणीला आमच्या घरात कुणी अंथरुणात राहत नसे. त्या दिवशी देवापुढं दिवा आबांनी लावला.